म्हशीची लाल लघवी आणि रक्तपेशींचे रक्षण

चांगल्या दुधाची म्हैस व्याल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एकाएकी दूध कमी देऊ लागते. वैरणीला तोंड लावीत नाही. सकाळी गोठा झाडताना तिची लघवी तांबडी, कधी कधी तर काळ्या कॉफीसारखी दिसते. दुसऱ्या दिवशी शेण घट्ट होते व जनावर कुंथू लागते. पापणी उलटून पाहिली तर आतली बाजू पांढरीफटक दिसते. वेळीच उपचार न झाल्यास असे जनावर तीन ते पाच दिवसांत दगावू शकते, आणि घरच्या दुधाबरोबर कुटुंबाची रोजची मिळकतही थांबते.

अशा वेळी 'जनावराला उष्णता झाली' असे समजून ताक, कोकमाचे पाणी असे थंड पदार्थ पाजण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. ते पाजल्याने फारसे बिघडत नाही. परंतु त्यात जे एक-दोन दिवस जातात तेच मोलाचे असतात. हा रोग उष्णतेचा नाही. रक्तातील तांबड्या पेशी अंगातच फुटू लागल्याचे ते लक्षण होय. या पेशी का फुटतात व एरवी त्यांचे रक्षण कशाने होते हे समजले, तर रोग टाळण्याचे उपाय आपोआप ध्यानात येतात, आणि त्यांतील बहुतेक उपाय रत्नागिरी जिल्ह्यातील सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातले आहेत.

लघवी लाल का होते?

रक्ताचा तांबडा रंग त्यातील असंख्य सूक्ष्म पेशींमुळे येतो. निरोगी म्हशीच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटर थेंबात अशा ५० ते ८० लक्ष पेशी असतात. प्रत्येक पेशी म्हणजे एक लहानशी पिशवीच होय. या पिशवीत हिमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त द्रव्य भरलेले असते. फुप्फुसात आलेला प्राणवायू ते धरून ठेवते व शरीराच्या कानाकोपऱ्यात नेऊन पोहोचविते.

पिशवी शाबूत आहे तोवर हिमोग्लोबिन रक्तातच राहते. ती फाटली की ते रक्ताच्या पाण्यात मिसळते, मूत्रपिंडातून गाळले जाते आणि लघवीवाटे बाहेर पडते. लघवीला लाल वा काळसर रंग येतो तो यामुळे. इकडे प्राणवायू वाहून नेणाऱ्या पेशी कमी झाल्याने जनावर धापा टाकते व अशक्त होते. निरोगी म्हशीच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण १० ते १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असते. या रोगात ते निम्म्याच्याही खाली उतरू शकते.

तांबडी पेशी एकदा तयार होऊन रक्तात आली की गुराम्हशींत ती चार-पाच महिने काम करते. मात्र तिच्यात केंद्रक नसते. त्यामुळे झिजलेला भाग काढून त्या जागी नवा घालण्याची सोय तिला नाही. जन्मताना मिळालेली शिदोरी आणि रक्तातून रोज मिळणारे पोषण एवढ्यावरच तिला आयुष्य काढावे लागते. म्हणूनच पोषणात त्रुटी आली की पहिला फटका पुष्कळदा याच पेशींना बसतो.

प्राणवायूची दुसरी बाजू

प्राणवायूवाचून जीव जगत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु लोखंडाच्या पत्र्याला गंज चढतो तो प्राणवायूमुळेच, आणि शेंगदाणे फार दिवस उघडे राहिले की खवट होतात तेही त्याच्यामुळेच. शेंगदाण्यातील तेलाशी हवेतील प्राणवायूचा संयोग होतो, तेलाचे कण मोडतात व त्यांना उग्र वास येतो. एक कण बिघडला की तो शेजारच्या कणाला बिघडवितो, तो पुढच्याला. ही साखळी कोठेतरी तोडली नाही तर सगळा साठा खवट होतो.

तांबड्या पेशीचे आवरणही मुख्यतः स्निग्ध द्रव्याचे व प्रथिनांचे बनलेले असते. त्यातील स्निग्ध द्रव्यांचा मोठा भाग तेलासारखा पातळ, म्हणजेच लवकर खवट होणाऱ्या जातीचा असतो. आवरण लवचीक राहण्यासाठी तो तसा असावाच लागतो. कारण केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांतून जाताना पेशीला अंग मुडपावे लागते. म्हणजे लवकर खवट होणारे आवरण, त्याच्या आत लोहयुक्त हिमोग्लोबिन, आणि सभोवार सतत प्राणवायू, अशी ही नाजूक परिस्थिती आहे.

हिमोग्लोबिन प्राणवायू पोहोचवीत असता त्याचा थोडा भाग रोजच बिघडतो. माणसाच्या रक्तात हे प्रमाण दिवसाला सुमारे १ ते ३ टक्के असते. या बिघाडात प्राणवायूचे अतिशय चळवळे रूप निर्माण होते व त्यापासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. जखमेवर घातल्यास फेस आणणारे औषध ते हेच. आवरणावर याचा मारा झाला की ते ताठर व ठिसूळ बनते. ताठर पेशी अरुंद वाटेतून जाताना फुटते, किंवा प्लीहेत अडकून नष्ट होते.

पेशीचे राखणदार

हा मारा निरोगी जनावराच्या अंगातही अष्टौप्रहर चालू असतो. तरीही पेशी टिकतात, कारण निसर्गाने एकामागे एक असे राखणदार नेमलेले आहेत.

पहिला राखणदार जीवनसत्त्व 'ई'. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स व कॅथरीन बिशप यांनी १९२२ मध्ये उंदरांवर प्रयोग करीत असता याचा शोध लावला. या सत्त्वावाचून उंदरांचे गर्भ पोटातच जिरून जात. हिरवा पाला किंवा गव्हाचा अंकुर खाऊ घातला की पिले जगत. पुढे १९४० नंतरच्या दशकात असे दिसून आले की, या जीवनसत्त्वाची उणीव असलेल्या उंदरांच्या तांबड्या पेशी काही रसायनांच्या संपर्काने चटकन फुटतात, तर ते पुरेसे मिळालेल्या उंदरांच्या पेशी टिकाव धरतात. हे जीवनसत्त्व तेलात विरघळणारे असून पेशीच्या आवरणातच ठाण मांडून बसते. खवटपणाची साखळी त्याच्यापर्यंत आली की ते स्वतः बिघाड अंगावर घेते व साखळी तेथेच तुटते. आवरणातील हजाराहून अधिक स्निग्ध कणांमागे याचा जेमतेम एक कण असतो. तरीही तेवढ्यावर राखण होते.

एवढे थोडे कण पुरतात याचे श्रेय दुसऱ्या राखणदाराला, जीवनसत्त्व 'क' ला, आहे. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये ते प्रथम वेगळे काढले व १९३७ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हे सत्त्व पाण्यात विरघळते. आवरणाबाहेरच्या पाण्यात राहून ते थकलेल्या जीवनसत्त्व 'ई' च्या कणाला पुन्हा कामाजोगे करते. पहाऱ्यावरील माणसाला दुसऱ्याने विसावा द्यावा तसाच हा प्रकार होय.

तिसरा राखणदार ग्लुटाथायोन हा पेशीच्या आत असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी करून टाकणाऱ्या एका विकराला तो साहाय्य करतो. गॉर्डन मिल्स याने १९५७ मध्ये तांबड्या पेशींतच हे विकर शोधले. आणि त्याच्या घडणीत सेलेनियम हे खनिज असते, असे विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवून दिले.

चौथ्या राखणदाराचा शोध तर गाईबैलांच्या रक्तातूनच लागला. बैलाच्या रक्तातून तांबे असलेले एक निळसर प्रथिन १९३८ मध्ये वेगळे काढण्यात आले होते, परंतु त्याचे काम कोणास उमगले नव्हते. प्राणवायूच्या त्या चळवळ्या रूपाला आवर घालणे हेच त्याचे काम, हे मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये सिद्ध केले. या प्रथिनाला तांबे व जस्त ही दोन्ही लागतात.

म्हणजेच पेशीचे रक्षण एकट्या जीवनसत्त्वावर अवलंबून नाही. जीवनसत्त्व 'ई', जीवनसत्त्व 'क', सेलेनियम, तांबे व जस्त यांची ती साखळी आहे, आणि साखळीचे बळ तिच्या सर्वांत अशक्त कडीएवढेच असते.

स्फुरदाचा संबंध

व्यालेल्या म्हशीत सर्वांत अशक्त ठरणारी कडी बहुधा स्फुरदाची असते. ग्लुटाथायोन एकदा वापरला गेला की तो पुन्हा ताजा करावा लागतो, आवरणाचा आकार सांभाळावा लागतो, आणि या सर्व कामांना शक्ती लागते. तांबडी पेशी ही शक्ती केवळ रक्तातील ग्लुकोज साखर मोडून मिळविते. साखर मोडण्याच्या या क्रियेत एका टप्प्यावर स्फुरद अटळ आहे. तो नसेल तर चूल असून सरपण पेटत नाही, अशी पेशीची अवस्था होते. शक्ती संपते, ग्लुटाथायोन घटतो, राखण ढिली पडते व पेशी फुटू लागतात.

म्हैस व्याली की अंगातील स्फुरद झपाट्याने दुधात जाऊ लागतो. एक लिटर दुधाबरोबर सुमारे १ ग्रॅम स्फुरद बाहेर पडतो. आठ लिटर दूध देणारी म्हैस रोज सुमारे आठ ग्रॅम स्फुरद केवळ दुधातून देते. तिच्या स्वतःच्या शरीराची गरज वेगळीच. निरोगी जनावराच्या रक्तजलात १०० मिलिलिटरमागे ४ ते ७ मिलिग्रॅम स्फुरद असतो; या रोगाने पछाडलेल्या म्हशीत तो पुष्कळदा २ मिलिग्रॅमच्याही खाली गेलेला आढळतो. तिसऱ्या ते सहाव्या वेतातील, म्हणजे भर दुधाच्या म्हशींना हा रोग अधिक का होतो याचा उलगडा यावरून होतो. म्हशींमध्ये गाभणपणाच्या शेवटच्या काळातही तो आढळतो, कारण त्या वेळी वाढत्या गर्भाची हाडे स्फुरद ओढून घेत असतात.

तथापि स्फुरद कमी असलेल्या सर्वच म्हशी आजारी पडत नाहीत, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. स्फुरदाच्या उणिवेने राखण ढिली पडते. त्यावर आणखी एखादा आघात झाला की पेशी कोसळतात. हा आघात जीवनसत्त्व 'ई' अथवा तांब्याच्या उणिवेचा असू शकतो, किंवा पेशींना जाळणाऱ्या एखाद्या खाद्याचा असू शकतो.

जांभ्याची जमीन आणि भाताचा पेंढा

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. या पावसाने जांभ्याच्या जमिनीतील चुना वगैरे क्षार धुपून जातात; लोह व अॅल्युमिनियम मागे राहतात. माती आम्ल बनते. अशा मातीत स्फुरद असला तरी लोह व अॅल्युमिनियम त्याला जखडून ठेवतात आणि पिकांच्या मुळांना तो फारसा मिळत नाही. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतील गवतात स्फुरद कमी असतो त्याचे कारण हे.

गवत हिरवे असते तोवर त्यात जीवनसत्त्व 'ई' व कॅरोटीन भरपूर असतात. दिवाळीनंतर डोंगरावरील गवत पिवळे पडते. वाळताना, विशेषतः कडक उन्हात पडून राहिल्यास, यांतील बराचसा भाग नष्ट होतो. त्यानंतर पावसाळ्यापर्यंत दावणीत मुख्यतः भाताचा पेंढा पडतो. पेंढ्याने पोट भरते. परंतु त्यात स्फुरद अत्यल्प आणि जीवनसत्त्व 'ई' जवळजवळ नाहीच. त्यातील ऑक्झॅलेट द्रव्य चुनाही अडवून धरते. पावसाळ्यात अंगात साठविलेल्या जीवनसत्त्वावर जनावर काही काळ काढते. पण पुढे साठा ओसरत जातो. अशा वेळी, पौष ते वैशाख या महिन्यांत, जी म्हैस व्यायची असेल तिच्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे.

ओळख कशी करावी?

लघवी लाल होण्याची कारणे अनेक असल्याने पुढील खुणा पाहाव्यात.

ताप : स्फुरदाच्या उणिवेच्या रोगात बहुधा ताप नसतो, असला तर थोडा असतो. गोचिडांपासून होणाऱ्या बबेसिया रोगात लघवी अशीच लाल होते, परंतु ताप ४० ते ४१ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो व अंगावर बहुधा गोचिडी सापडतात. संकरित गाईंत हा रोग विशेष संभवतो.

लघवीचा थर : स्वच्छ काचेच्या बाटलीत लघवी धरून दोन-तीन तास हलविल्याशिवाय ठेवावी. तळाशी तांबडा गाळ बसून वरचे पाणी निवळ झाले तर मूत्रमार्गातून अखंड रक्त येत आहे असे समजावे. सगळी लघवी एकसारखी लाल पारदर्शक राहिली तर पेशी अंगात फुटत आहेत असे अनुमान करण्यास हरकत नाही.

काळ : म्हैस व्याल्याला चार आठवडे झाले नसतील, किंवा ती व्यावयास आली असेल, तर स्फुरदाच्या उणिवेचा संशय बळावतो.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. कोकणात लेप्टोस्पायरा जंतूंचा प्रादुर्भाव आहे. या जंतूंमुळेही जनावरांना ताप येतो, गर्भ पडतो व लघवी लाल होऊ शकते. आणि जनावराच्या लघवीतून ते माणसालाही होतात. म्हणून लाल लघवीला उघड्या हाताने स्पर्श करू नये. हातापायास जखम असेल तर गोठ्यात अनवाणी जाऊ नये. काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. अंतिम निदान रक्त व लघवी तपासून पशुवैद्यकच करू शकतात.

उपचार

हा रोग घरगुती उपायांनी बरा होण्यासारखा नाही. लाल लघवी दिसताच त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी द्यावी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. पशुवैद्यक सोडियम अॅसिड फॉस्फेट हा स्फुरदाचा क्षार योग्य प्रमाणात शिरेतून व कातडीखाली टोचतात. पेशींचे रक्षण व्हावे म्हणून त्याबरोबर जीवनसत्त्व 'क' टोचण्याचीही पद्धत आहे. रक्त फारच कमी झाले असेल तर दुसऱ्या निरोगी जनावराचे रक्त द्यावे लागते. वेळेवर उपचार झाल्यास लघवीचा रंग सहसा एक-दोन दिवसांत निवळू लागतो, मात्र रक्त पूर्ववत भरून येण्यास पुढे काही आठवडे जातात. तोवर म्हशीला ओढाताण होऊ देऊ नये, उन्हात लांब चालवू नये व वाटेल तितके स्वच्छ पाणी प्यावयास द्यावे.

'जीवनसत्त्व क जर उपयोगी, तर म्हशीला लिंबे किंवा आवळे का खाऊ घालू नयेत?' असा प्रश्न साहजिकच मनात येईल. त्याचे उत्तर असे : माणसाच्या शरीरात हे सत्त्व तयार होत नाही, म्हणून त्याला ते फळांतून व भाजीतून घ्यावे लागते. गाईम्हशी ते आपल्या यकृतात स्वतःच तयार करतात. उलट रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातील सूक्ष्म जंतू तोंडावाटे आलेले जीवनसत्त्व 'क' बहुतांशी नष्ट करतात. म्हणून लिंबाचा खर्च व्यर्थ ठरतो, आणि आजारात हे सत्त्व टोचूनच द्यावे लागते. याच्या उलट जीवनसत्त्व 'ई' ची गोष्ट. ते जनावर स्वतः बनवू शकत नाही. ते चाऱ्यातूनच यावयास हवे.

मात्र जीवनसत्त्वे स्फुरदाची जागा घेऊ शकत नाहीत, हेही विसरू नये. नुसती जीवनसत्त्वाची सुई देऊन स्वस्थ बसणे म्हणजे राखणदार वाढवून त्यांना उपाशी ठेवण्यासारखेच होय.

रोग टाळण्याचे उपाय

१. हिरवा चारा : आंब्या-काजूच्या बागेच्या कडेला, विहिरीच्या पाटाशी, जेथे सांडपाणी मुरते तेथे संकरित नेपियर किंवा पॅरा गवताचे थोडे ठोंब लावावेत. बांधावर शेवरी व सुबाभूळ लावावी. सुबाभळीचा पाला मात्र एकूण चाऱ्याच्या थोड्याच प्रमाणात द्यावा. भात कापल्यावर ओलीवर चवळी पेरल्यास हिरवी वैरण हाती येते. व्यावयाच्या दोन महिने आधीपासून म्हशीला रोज थोडा तरी हिरवा चारा मिळेल अशी तजवीज ठेवावी. सर्व जनावरांना पुरेसा नसेल तर तो प्रथम गाभण व दुभत्या जनावरांना द्यावा.

२. गवत वेळेवर कापणे : डोंगरावरील गवत पुरते वाळेपर्यंत उभे ठेवू नये. फुलोऱ्यावर येताच कापावे, शक्य तर सावलीत सुकवावे व हिरवट रंग असतानाच रचावे. पावसाळ्याच्या अखेरीस गवत जादा असेल तर त्याचा मुरघास घालावा.

३. ताजा कोंडा : भाताच्या कोंड्यात स्फुरद १ ते १.५ टक्क्यांपर्यंत असतो व जीवनसत्त्व 'ई' ही असते. कोंड्यातील स्फुरदाचा बराच भाग अशा रूपात असतो की कोंबड्यांना तो नीट पचत नाही. परंतु रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जंतू तो मोकळा करतात. पेंढ्यात जे उणे ते कोंड्यात आहे, आणि दोन्ही एकाच भाताचे आहेत. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, गिरणीवरचा कोंडा तुसासह आलेला असेल तर चाळून घ्यावा. तुसात पोषण नाही. दुसरी, कोंडा लवकर खवट होतो. खवट कोंड्यातील जीवनसत्त्व 'ई' आधीच खर्ची पडलेले असते आणि बिघडलेली चरबी जनावराच्या अंगातील साठाही खाते. म्हणून कोंडा एका वेळी आठ-दहा दिवसांपुरताच आणावा, कोरड्या जागी ठेवावा व वास आलेला कोंडा दावणीत टाकू नये. तेल काढून घेतलेल्या कोंड्यात स्फुरद राहतो, पण जीवनसत्त्व 'ई' बहुतेक निघून गेलेले असते.

४. खनिज मिश्रण : कोंड्यात स्फुरद भरपूर असला तरी चुना कमी असतो, आणि दोहोंचा मेळ असावा लागतो. यासाठी गाभण व दुभत्या म्हशीच्या आंबोणात रोज सुमारे ५० ग्रॅम चांगल्या प्रतीचे खनिज मिश्रण घालावे. त्यात तांबे व जस्त असल्याची खात्री पिशवीवरील मजकूर वाचून करावी. सेलेनियम सुटे विकत घेऊन कधीही देऊ नये. त्याची गरज अत्यल्प असते. गरज व विषबाधा यांतील अंतर फार थोडे आहे.

५. जमिनीला स्फुरद : ज्या तुकड्यात वैरण पिकवावयाची त्याची माती तपासून घ्यावी. आम्ल जमिनीत शेणखताबरोबर दिलेला खनिज स्फुरद, म्हणजे रॉक फॉस्फेट, हळूहळू विरघळून पिकास मिळतो. जमिनीचा स्फुरद वैरणीत आणि वैरणीचा म्हशीत, हा मार्ग लांबचा असला तरी टिकाऊ आहे.

कांदा व कोबी यांविषयी सावधगिरी

देशावर कांद्याचे भाव पडले की टाकाऊ कांदा गुरांपुढे घालण्याचा मोह होतो. बाजारपेठेच्या गावी सडका कांदा किंवा कोबीचा पाला फुकट मिळतो म्हणून कोकणातही तो आणला जातो. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये तांबड्या पेशींवर थेट मारा करतात. हिमोग्लोबिन बिघडून पेशीत त्याच्या गुठळ्या होतात. रॉबर्ट हाइन्झ याने १८९० मध्ये अशा गुठळ्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना त्याचेच नाव पडले आहे. शेळ्यामेंढ्या कांदा बऱ्याच अंशी सोसतात, गुरे सोसत नाहीत. कोबी, मोहरी व मुळा यांच्या पाल्यातही अशाच प्रकारचे द्रव्य असते. थोडा पाला इतर वैरणीत मिसळून दिल्यास सहसा बाधत नाही. परंतु केवळ त्यावर जनावर पोसू नये, आणि गाभण किंवा नुकत्याच व्यालेल्या म्हशीला तर कांदा मुळीच देऊ नये. तिची राखण आधीच ताणलेली असते.

पारडाचा वाटा

गर्भात असताना पारडाला आईकडून जीवनसत्त्व 'ई' फारच थोडे मिळते. जन्मल्यावर त्याचा पहिला मोठा वाटा चिकातून येतो. नवजात पारडू जीवनसत्त्व 'क' ही सुरुवातीला पुरेसे बनवू शकत नाही. तेही त्याला चिकातून व दुधातूनच मिळते. म्हणून पारडाला जन्मानंतर पहिल्या तास-दोन तासांत पोटभर चीक पाजावा. खरवसासाठी चीक काढावयाचा तो पारडाचे पोट भरल्यानंतरच. आणि आईला शेवटच्या दोन महिन्यांत हिरवा चारा मिळाला असेल तरच त्या चिकात देण्यासारखे काही असते.

सारांश

लाल लघवी हे अंगात रक्तपेशी फुटत असल्याचे लक्षण होय. त्या पेशींचे आवरण खवट होऊ न देण्याचे काम जीवनसत्त्वे व खनिजे मिळून करतात, आणि त्यांना लागणारी शक्ती स्फुरदावाचून निर्माण होत नाही. जांभ्याच्या जमिनीत व पेंढ्यात यांपैकी बऱ्याच गोष्टी उण्या आहेत. ती उणीव हिरवा चारा, ताजा कोंडा व रोजचे मूठभर खनिज मिश्रण यांनी बऱ्याच अंशी भरून काढता येते. एवढे करूनही लघवी लाल दिसलीच, तर कोकमाचे पाणी पाजीत न बसता त्याच दिवशी पशुवैद्यकास बोलवावे. पहिल्या दिवशी उपचार मिळालेली म्हैस सहसा वाचते; चौथ्या दिवशी मिळालेली वाचेलच असे सांगता येत नाही.